उशीबद्दल होयबाचं मत

होयबाला कधी "नाही" म्हणताना त्याच्या सलूनमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. आज उकडणार, असं गिऱ्हाईक म्हणालं की तो म्हणे, "उकडणारच." शेजारच्या खुर्चीतून आवाज येई, "छे, संध्याकाळी गार होईल," तर तिकडे वळून तो म्हणे, "होईल, होईल." खरं नाव दुकानाच्या पाटीवर ठसठशीत लिहिलेलं होतं, पण पाटी वाचायला मान वर कोण करतो. होयबा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. कुणी तोंडावर म्हणालं तर त्यावरही तो "बरोबर आहे" एवढंच म्हणे.

यात लाचारी नव्हती, धंद्याची शिस्त होती. त्याच्या वडिलांनी वस्तरा हातात देताना सांगितलं होतं, "गिऱ्हाईक चिडलं की बोलतं. बोललं की मान हलते. मान हलली की रक्त येतं. तेव्हा वस्तरा गळ्यावर असेपर्यंत समोरच्याचंच खरं." होयबानं हे मनावर घेतलं. पण सवय काही वस्तऱ्यापाशी थांबली नाही. ती कैचीवर आली, मग मशीनवर आली, आणि शेवटी त्याच्यामागून चालत घरापर्यंत गेली. बायको शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरून ती म्हणे, "हा रंग जरा भडक झाला का हो?" हा म्हणे, "झालाय." ती म्हणे, "की बरा दिसतो?" हा म्हणे, "दिसतो की." शेवटी तिनं विचारायचंच सोडून दिलं.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. समोर भिंतभर आरसा, आरशासमोर दोन खुर्च्या, बाजूच्या भिंतीला थांबणाऱ्यांसाठी बाक. पाठीमागे, दाराच्या वर, टीव्ही. टीव्हीचं चित्र ठीक होतं, पण आवाज केव्हाच गेला होता. दुरुस्त करून घे म्हणणाऱ्याला होयबा "घ्यायलाच पाहिजे" म्हणे आणि पुढच्या डोक्यावर पाणी फवारी. स्वतः तो टीव्ही बघायचा तो समोरच्या आरशात, दोन डोक्यांच्या मधून, कैचीच्या दोन चालींच्या मध्ये.

रविवारी दुपारी त्या टीव्हीवर मोटारींच्या शर्यती असत, आणि शर्यती असल्या की उशी असे.

उशी म्हणजे याच शहरातला, विशीही न गाठलेला पोरगा. लहानपणी छोट्या गाड्यांच्या ट्रॅकवर पहिल्यांदा बसला तेव्हा पाय पोचेनात, म्हणून आईनं पाठीशी उशी दिली. पोरगा त्या उशीसकट सगळ्यांच्या पुढे आला. तेव्हापासून तो उशी. आता तो मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत होता, आणि ज्या संघात होता त्याच संघात दादा होता. दादा म्हणजे शर्यतीतला जुना जाणता गडी. ज्यांना शर्यतीतलं काही कळत नसे त्यांनाही दादा माहीत असे. दोघांच्या गाड्या सारख्याच, गडद हिरव्या. फरक फक्त नंबरचा. दादाचा पाच, उशीचा दोन.

दादानं जाहीर केलं होतं की हे आपलं शेवटचं वर्ष. त्या वर्षातल्या एका शर्यतीत शेवटच्या फेरीला दादा पहिला होता आणि उशी त्याच्या मागे. संघानं रेडिओवरून उशीला सांगितलं, आहे त्या जागी राहा, पुढे जाऊ नकोस. उशी गेला. शेवटच्या वळणावर आतून गेला. दादाची गाडी बाहेर खडीत उतरली आणि तो चौथा आला. उशी जिंकला. नंतर कुणीतरी तोंडासमोर माईक धरला तेव्हा तो म्हणाला, "जागा होती, म्हणून गेलो."

या चार शब्दांवरून शहराचे दोन तुकडे झाले.

होयबाच्या दुकानात ते तुकडे डोळ्यांनी दिसत. दर रविवारी सकाळी दोन मित्र एकत्र दाढीला येत. एक विज्ञानाचे सर, निवृत्त. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक. लोक त्यांना ताप-खोकला विचारत आणि ते बिनधास्त सांगत, म्हणून सगळे त्यांना अर्धे डॉक्टर म्हणत. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. दोन खुर्च्यांत दोघं बसत आणि आरशातून एकमेकांकडे बघत गप्पा मारत. होयबा एकाच्या गालावर फेस मुरत ठेवी आणि दुसऱ्याची दाढी करी. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं.

त्या शर्यतीनंतरच्या रविवारी सर म्हणाले, "सांगितलेलं ऐकायचं नसेल तर संघात राहावं कशाला माणसानं? त्या दादानं त्याला हाताला धरून शिकवलं."

"शर्यत आहे ती, मिरवणूक नाही," अर्धे डॉक्टर म्हणाले. "जागा होती, गेला."

"जागा असली म्हणजे घुसायचं? तुझं पहिल्यापासून असंच. तिकिटाच्या रांगेत सुद्धा तू असंच करायचास."

"आणि तुझं पहिल्यापासून तसंच. मागे राहायचं आणि वर त्याला शिस्त म्हणायचं."

सर मुख्याध्यापक न होताच निवृत्त झाले होते. त्यांच्या हाताखालचा माणूस त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी बोलत नसे. सरांनी अर्ध्या दाढीवर टॉवेल फिरवला, कानापाशी फेस तसाच ठेवून उठले आणि गेले.

पुढच्या रविवारपासून सर सकाळी येऊ लागले आणि अर्धे डॉक्टर संध्याकाळी, टीव्ही बंद झाल्यावर. सकाळी सर म्हणत, "उशी उद्धट आहे, तुला काय वाटतं?" होयबा म्हणे, "उद्धटच." संध्याकाळी अर्धे डॉक्टर म्हणत, "पोरात धमक आहे की नाही?" होयबा म्हणे, "धमक आहेच."

आणि खरं सांगायचं तर यात तो खोटं बोलत नव्हता. सर बोलू लागले की त्याला सरांचं पटे. डॉक्टर बोलू लागले की डॉक्टरांचं. याचंच त्याला नवल वाटू लागलं. एकाच पोराची एकच गाडी, एकच वळण, सगळ्यांनी पाहिलेलं. मग एकाला त्यात गुन्हा दिसतो आणि दुसऱ्याला पराक्रम, हे कसं काय?

त्याला याचा नादच लागला. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता तो सहज विचारी, "काय हो, उशीनं केलं ते बरं केलं का?" आणि उत्तर यायच्या आत मनात अंदाज बांधी. आधी त्याला वाटलं, घरात थोरले असतात ते दादाच्या बाजूचे आणि धाकटे उशीच्या. पोस्टमन धाकटा होता, तो उशीचा निघाला. बँकेतला रोखपाल थोरला, तो दादाचा. होयबा खूश. मग एक वकील आले, चार भावंडांत थोरले, आणि मान खाली घालून म्हणाले, "पोरगा हिरा आहे." अंदाज कोसळला. मग त्याला वाटलं, ज्यांच्या डोक्यावर साहेब आहे ते दादाचे आणि स्वतःच्या धंद्यातले उशीचे. हे बरेच दिवस टिकलं. तेवढ्यात फळवाला आला, ज्याच्या डोक्यावर बायकोशिवाय कुणी नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "म्हाताऱ्याला जाता जाता जिंकू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" गाडी शिकवायच्या क्लासचा मालक म्हणाला, "दोघंही सीटबेल्ट लावतात. माझ्या पोरांपैकी निम्मी लावत नाहीत. मला एवढंच पुरे."

"बरोबर आहे," होयबा म्हणाला.

त्याला स्वतःलाही एक गोष्ट आवडायची, पण ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. त्याला पाच नंबरची गाडी आवडायची. आरशात तो तिला शोधून काढी. ती घाई करत नसे. पुढच्याच्या मागे मागे राही, एका वळणावर आत डोकावून बघे, परत मागे येई, पुढच्या वळणावर बाहेरून अंदाज घेई. कैची चालवण्याआधी आपण केस बोटांत धरून बघतो, तसं काहीतरी. दोन नंबरची मात्र दार ढकलून आत येणाऱ्या माणसासारखी. म्हणजे दादा शांत, उशी धसमुसळा. सर म्हणतात ते बरोबर, असं त्याला वाटे. आणि संध्याकाळी डॉक्टरांच्या गालावर ब्रश फिरवताना तेही बरोबर वाटे.

मग एक दिवस सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. दुसरीकडे मिळेनात, म्हणून त्यांना मित्राच्याच दुकानात जावं लागलं. गोळ्या घेता घेता शब्दाला शब्द लागला. सर म्हणाले, "अख्खं गाव माझ्या बाजूनं आहे. होयबाला विचार." अर्धे डॉक्टर म्हणाले, "होयबाला? तो तर गेल्या रविवारीच म्हणाला, सरांना शर्यतीतलं काही कळत नाही."

होयबा असं म्हणाला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आणि होयबानं "कसं कळणार" म्हटलं होतं.

दोघं तसेच भर दुपारी सलूनमध्ये आले. होयबा एका गिऱ्हाइकाचे कल्ले सारखे करत होता.

"आता स्पष्ट सांग," सर म्हणाले. "आमच्यातलं कुणाचं बरोबर?"

होयबाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दोघांचंही."

"दोघांचंही बरोबर असेल तर आम्ही इतके दिवस बोलत का नाही?" सर म्हणाले. "मला वाटत होतं, निदान एका माणसाला माझं पटतंय. तेवढ्या जोरावर मी ताणून धरलं."

"मीही," अर्धे डॉक्टर छताकडे बघत म्हणाले.

"सांग याला, आता या दुकानात मी पाय ठेवणार नाही," सर होयबाला म्हणाले. हा 'याला' म्हणजे स्वतः होयबाच होता, पण रागात सरांच्या ते लक्षात आलं नाही. दोघं गेले, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कल्ले अर्धे झालेलं गिऱ्हाईक आरशात होयबाकडे बघत राहिलं.

त्या रविवारी सकाळी सर आले नाहीत आणि संध्याकाळी डॉक्टरही नाहीत. इतर लोक आले, पण होयबाला त्या दोन खुर्च्या रिकाम्याच वाटल्या. भांडण त्या दोघांचंच होतं हे खरं, पण ते विझू लागलं की त्यात काडी घालायचं काम आपण केलं, आणि तेही गोड बोलून. आपण एकदा जरी "नाही" म्हटलं असतं तर दोघांपैकी एक जण तरी केव्हाच दुसऱ्याच्या दारात गेला असता.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"मग तुमचं मत काय आहे?"

"कशाबद्दल?"

"त्या पोराबद्दल हो."

होयबा विचारात पडला. "म्हणजे, सर म्हणतात ते…"

"सर इथे नाहीत." ती हसू दाबत म्हणाली, "अहो, एक विचारू? लग्नाला होकार दिलात तेव्हा तुमचं मत होतं, की मी समोर बसले होते म्हणून?"

"मत होतं," होयबा म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की दोघंही चकित झाले.

"बघा. जमतं की," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवू लागली.

त्या रात्री होयबाच्या एक साधी गोष्ट लक्षात आली. आपण एकही शर्यत बसून बघितलेली नाही. मत येणार कुठून? दुसऱ्या दिवशी तो औषधांच्या दुकानात गेला.

"रविवारी दुकान बंद ठेवतोय," तो म्हणाला. "शर्यत सुरुवातीपासून बघायची आहे. तुमच्याकडे येऊ का, डॉक्टर? बघून झाल्यावर माझं जे काय असेल ते तुमच्या तोंडावर सांगतो. सरांनाही आणतो."

"त्याला मी कधी येऊ नको म्हटलं नाही," अर्धे डॉक्टर गोळ्यांची पाकिटं विनाकारण सरळ करत म्हणाले.

तिथून होयबा सरांच्या घरी गेला. सर म्हणाले, "मी त्याच्या घराची पायरी चढणार नाही."

"बरोबर आहे," होयबा म्हणाला आणि दारातच उभा राहिला.

"मग उभा का?"

"ती सवय आहे, सर. तुम्ही चला."

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. शाळेत हा त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर असायचा आणि "समजलं का" विचारल्यावर सगळ्यांत आधी मान डोलवायचा. "तू खरंच मत सांगणार?"

"सांगणार."

"मग ते ऐकायला येतो. शर्यतीसाठी नाही."

रविवारी अर्ध्या डॉक्टरांच्या बैठकीत लांब सोफ्यावर तिघं बसले. एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला डॉक्टर, मध्ये होयबा. वहिनींनी चहा ठेवला आणि या तिघांकडे एकदा बघून त्या शेजारणीकडे निघून गेल्या. टीव्ही मोठा होता आणि त्याला आवाज होता. इंजिनांचा तो आवाज होयबानं पहिल्यांदाच ऐकला. इतका कर्कश असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पोटात कुणीतरी केसांचं मशीन चालवतंय असं वाटलं.

थोड्या फेऱ्या झाल्या. दोन्ही हिरव्या गाड्या मधल्या घोळक्यात होत्या. त्यातली एक पुढच्या गाडीच्या मागे लागली, एका वळणावर आत डोकावली, मागे आली. पुढच्या वळणावर बाहेरून बघितलं, पुन्हा मागे आली. होयबाचा चेहरा खुलला. हीच ती.

"दादा बघा किती शांत आहे," तो न राहवून म्हणाला.

"तो उशी आहे," अर्धे डॉक्टर म्हणाले.

"नाही हो. आपली पाच नंबरची."

"दोन नंबर आहे तो. डोळे तपासून घे. दादा तो बघ मागे, कुणाला तरी कोपरानं ढकलतोय."

होयबा पुढे सरकून बसला. गाडीच्या नाकावर खरंच दोन होता. संघाचे आकडे डिजिटल घड्याळावरच्या इंग्रजी आकड्यांसारखे, सरळ रेघांचे, काटकोनात मोडलेले. "पण माझ्या दुकानात तर…" तो म्हणाला आणि थांबला.

"तुझ्या दुकानात काय?" सर म्हणाले.

"मी आरशात बघतो, सर. टीव्ही पाठीमागे आहे ना."

सर उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर, कुणी चांगली शंका विचारली की वर्गात यायचा, तो भाव आला. "अर्ध्या, घरात हातआरसा आहे का?"

कित्येक आठवड्यांत भांडणाशिवाय ते मित्राशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही. अर्धे डॉक्टर मात्र ते ऐकताच उठून आतल्या खोलीत गेले आणि आरसा घेऊन आले. सर टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले आणि आरसा डोळ्यांसमोर धरला.

"पाच," ते म्हणाले. "अरे, स्वच्छ पाच. आणि पाचाचा दोन. हे बघ."

डॉक्टरांनी आरसा घेऊन बघितलं. "खरंच की. म्हणजे हा शहाणा वर्षभर उशीला दादा समजतोय आणि दादाला उशी."

"आवाज नव्हता," होयबा ओशाळून म्हणाला. "आणि त्या शेवटच्या वळणाला माझी नजर पोस्टमनच्या गळ्यावर होती."

सर मोठ्यानं हसले. डॉक्टर तर सोफ्यावरच आडवे झाले. होयबाही हसला, पण त्याचं डोकं दुसरीकडे चाललं होतं. सरांचंही, कारण हसू आवरून ते म्हणाले, "थांब, थांब. हे फार मजेचं आहे. नाव ठाऊक नसताना तुला जी गाडी आवडली ती कुणाची?"

"उशीची," होयबा सावकाश म्हणाला.

"झालं," अर्धे डॉक्टर मांडीवर थाप मारून म्हणाले. "निकाल लागला."

"मी सांगायला आलो होतो ते सांगू का?" होयबानं विचारलं. तो सरांकडे वळला. "सर, तुमचं चूक आहे. तो धसमुसळा नाही. मी वर्षभर बघतोय, चुकीच्या नावानं बघितलं तरी बघितलंय. जागा नसली तर तो जात नाही, परत मागे येतो, पुन्हा पुन्हा येतो. असा माणूस 'जागा होती' म्हणतो तेव्हा ती असणार."

सरांचा चेहरा उतरला. डॉक्टर मिशीत हसू लागले.

"आणि डॉक्टर, तुमचंही चूक आहे," होयबा म्हणाला. "उशीबद्दल नव्हे. सरांना बोललात ते. मागे थांबलेला माणूस मागे राहिलेला नसतो. तुमचा उशी निम्मी शर्यत थांबूनच असतो, ते तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला फक्त तो गेलेला दिसतो."

टीव्हीवरचा समालोचक काहीतरी ओरडत होता. डॉक्टरांनी आरसा हातात उलटासुलटा केला.

"ते मी बोलून गेलो," ते शेवटी सरांना म्हणाले.

"बोलून गेला नाहीस. बोललास."

"बरं, बोललो. चुकलो."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाले, "पण उशी चुकलाच. याला आरशात पाच दिसो की पन्नास. जागा होती हे मान्य. रेडिओवर राहा सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं. पण सांगणारा गाडीत बसला होता का?"

"गाडीत बसलेल्यानं ऐकायचं असतं."

"तुझ्या शाळेत."

"शाळेला मध्ये आणू नकोस."

"मी आणली? तूच मघाशी आरसा धरून तास घ्यायला उभा राहिलास."

दोघं सोफ्याच्या दोन टोकांवरून होयबाच्या अंगावरून वाकून बोलत होते. सरांचं कोपर त्याच्या छातीला लागत होतं आणि डॉक्टरांचा हात त्याच्या डोळ्यांसमोरून ये-जा करत होता. होयबानं एकदा मान डावीकडे काढली, एकदा उजवीकडे. दोन नंबरची गाडी आता तिसऱ्या जागेवर होती आणि दुसऱ्याच्या अगदी मागे येऊन राहिली होती. आत डोकावली. मागे आली.

"जरा गप्प बसता का दोघं?" होयबा म्हणाला. "मला बघू द्या."

दोघं गप्प झाले. गाडी पुढच्या वळणाकडे चालली होती, आणि ती आता जाते की थांबते, हे त्याला बघायचं होतं.